तीन सोमवार न पुसलेला फळा

यशोदाबाईंची लेक बेबा पिंपळनेरला दिली ते वर्ष १९९०. लग्नाचा मांडव उतरला आणि त्याच आठवड्यात मी सोनगीरजवळच्या एका खेड्यात आलो. मित्रांनो, मी लाकडी फळा आहे. धुळ्याच्या शकील मिस्त्रींनी आंब्याच्या फळ्या जोडून मला घडवलं, रंधा मारला, वर काळ्या रंगाचे दोन हात दिले. रंग ओला असताना एक माशी माझ्यावर चिकटली. तिची खूण डाव्या कोपऱ्यात अजून आहे.

मला प्रौढ शिक्षणाच्या वर्गासाठी आणलं होतं. वर्ग संपला तेव्हा अंगणवाडीच्या सुनंदाबाई बायांना म्हणाल्या, "लिहिलं नाही तर वर्षभरात सगळं विसराल." त्यांनी मला दूध डेअरीच्या भिंतीवर टांगलं. दर सोमवारी ओल्या फडक्यानं मला पुसायचं आणि एकीनं गावाची बातमी लिहायची, असं ठरलं. भिकुबाईंनी हरवलेल्या म्हशीबद्दल लिहिलं. यशोदाबाईंनी लिहिलं, "हातपंपाचा दांडा मोडून बारा दिवस झाले. विहिरीचा काठ ढासळतो आहे. पोरींना पाण्याला एकट्या पाठवू नका." वेलांट्या चुकल्या होत्या, पण अक्षर ठळक होतं. ज्यांना वाचता येत नसे ते दुसऱ्याकडून वाचून घेत.

चार दिवसांत पंप दुरुस्त झाला. तालुक्याचे साहेब आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"हे कोण लिहितं?"

खाली कोणाचंच नाव नव्हतं. डेअरीचे सेक्रेटरी रतिलालभाऊ नुसते हसले. साहेबांनी त्यांनाच नारळ दिला. यशोदाबाई दुधाची किटली घेऊन मागेच उभ्या होत्या.

पुढच्या पाळीला सही करायचीच, असं त्यांनी ठरवलं. नुसतं यशोदाबाई लिहून भागणार नव्हतं, गावात तीन यशोदाबाई होत्या. वर्गात शिकवलं तसं पूर्ण नाव लिहावं, तर मधोमध नवऱ्याचं नाव येणार. भिकुबाई घाबरल्या.

"ये माय! धल्लानं नाव लिखशी आनि सोमवारले ओला फडकावरी पुसशी? जित्ता माणूसनं नाव पुसतस का?"

"लिखू तर दे. पुसानं मंग दखसूत," यशोदाबाई म्हणाल्या.

त्यांनी बातमी लिहिली, "येत्या शनिवारी डेअरीसमोर गुरांना लस टोचणार." खाली लिहिलं, यशोदाबाई झुलाल पाटील. ज्या नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर उच्चारलं नव्हतं, ते लिहिताना खडू दोनदा मोडला.

सोमवार आला. फडकं घेऊन एकही बाई पुढे झाली नाही. दुसरा सोमवार तसाच गेला, तिसराही गेला. लस टोचून गुरं घरी गेली, तरी माझ्यावर "येत्या शनिवारी"च होतं. मळ्यातले पुनाभाऊ दोन बैल हाकत आले आणि डेअरीसमोर कोणीच नाही हे पाहून शिव्या देत परतले.

रतिलालभाऊंना तेवढंच पुरलं. "झाला बायांचा फळा! आजच उतरवतो. इथे दुधाच्या भावाचा कागद लावू."

यशोदाबाई फडकं घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. हात काही उठेना. तेवढ्यात झुलाल आबा किटली घेऊन आले. त्यांना अक्षर येत नव्हतं.

"मनं नाव कोठे शे?" त्यांनी विचारलं.

यशोदाबाईंनी त्यावर बोट ठेवलं. आबांनी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं, आधी आपलंच नाव पुसलं, मग सगळा फळा पुसला. काळं पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"दख, जित्ता शे ना मी? आते दर सोमवारले पुसत जाय." मग ते वळले. "आनि रतिलालभाऊ, ते नारय हिनं व्हतं."

दूध घालायला आलेले सगळे हसले. रतिलालभाऊ वही उघडून बसले, पण मला त्यांनी उतरवलं नाही.

त्यानंतर सगळ्याच बाया पूर्ण नाव लिहू लागल्या. मुमताजबी, सुंदरबाई, शेवटी भिकुबाईसुद्धा. सात वर्षं मी दर सोमवारी पुसला गेलो. कोणती बातमी कोणी लिहिली हे गावाला ठाऊक असे. चूक निघाली तर लोक थेट त्या बाईच्या दारात जात.

मग डेअरीला पत्र्याचा छापील बोर्ड मिळाला. मला मागच्या खोलीत पेंडीच्या पोत्यांशी टेकवून ठेवलं. खालच्या कडेला वाळवी लागली आहे. मित्रांनो, तुमच्या गावात असा फळा पडला असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा. त्याच्यावर कोण लिहीत असे, तेही घरातल्या थोरांना विचारा. ते सांगणारी माणसंही कमी होत चालली आहेत.

झुलाल आबा हयात आहेत. एक बातमी माझ्यावर लिहायची राहिली, ती मी सांगतो. यशोदाबाई झुलाल पाटील १९ नोव्हेंबर १९९८ रोजी सकाळी काविळीने वारल्या.