पिवळ्या गुलाबाखालचा खुंट

मित्रांनो, मी एक जुना खुंट आहे. गुलाबाचा खुंट. ऐकताच तुम्ही वर फुलाकडे पाहिलेत ना? मला ठाऊक होते. सगळे तसेच करतात, म्हणून माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका उबदार देशातल्या रोपवाटिकेत, रानगुलाबाच्या बीपासून झाला. पेन्सिलीएवढा जाड झालो तेव्हा एका बाईने माझ्या सालीत चीर पाडून पिवळ्या गुलाबाचा डोळा, म्हणजे इवलासा अंकुर, बसवला आणि पट्टीने घट्ट बांधला. डोळा जीव धरू लागताच माझा शेंडा छाटून टाकला. त्या दिवसापासून मुळे माझी आणि मान दुसऱ्याचा! तारेने एक चिठ्ठी अडकवली, तीही त्याच्याच नावाची. तिच्यावर लिहिले होते, 'थंडीला काटक, रोगाला दाद न देणारा.' मला तेव्हाच शंका आली. त्या वाटिकेत बर्फ कोणी पाहिला होता?

तिथे राहणाऱ्या लेकीकडून परतताना आउनेबाई नावाच्या एका आजींनी मला आपल्या देशी, फिनलंडला आणले. ताम्पेरे शहराच्या कडेला एक बागवस्ती आहे. उन्हाळाभर लोक तिथे आपापल्या बागेतल्या लाकडी खोपटात राहतात आणि शरदात नळ बंद झाले की शहरात परततात. नवरा गेल्यापासून आउनेबाईंना कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या ताइस्तोचाच काय तो आधार होता. शनिवारी त्याच्याकडे वाफेने अंघोळ करायचा सौना तापायचा, मग आउनेबाईंच्या अंगणात कॉफी आणि वेलदोड्याचा पाव.

तिकडे थंडीपासून वाचवायला कलमाची गाठ, म्हणजे डोळा जोडलेली जागा, मातीत खोल पुरतात. आउनेबाईंनी आयुष्यभर तसेच केले होते. पण चिठ्ठीवर 'गाठ मातीच्या वर ठेवा' असे छापले होते, आणि छापील सूचना मोडणे त्या लोकांच्या रक्तातच नाही. गाठ वर राहिली. पिवळी फुले आली, वाहवा झाली. माझे नावही कोणी काढले नाही.

"आउने, पानांवर काळे ठिपके आलेत बघ," ताइस्तो कुंपणावरून म्हणाला. "हे सोंग आपल्या हिवाळ्यात टिकायचं नाही. माझ्या कुंपणाचा रानगुलाब ने की त्यापेक्षा."

"ते काटेरी झुडूप? ठेव तुलाच! आणि माझ्या गुलाबाला नजर लावू नकोस."

तरी आउनेबाई शहरात गेल्यावर तोच दुखऱ्या गुडघ्यांवर रांगत आला आणि दरवर्षीप्रमाणे थंडी लागू नये म्हणून वाफ्यावर स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या फांद्या पसरून गेला. पिवळ्याची गाठ मात्र मातीच्या वरच होती. गारठ्याने पिवळा मेला. मला जगायचे होते, म्हणून गाठीच्या खालून मी कोंभ काढला. पाने हिरवीगार, एकही ठिपका नाही. "बघितलंस? चिठ्ठी खरी ठरली!" असे आउनेबाई एकही फूल नसताना वर्षभर मिरवत होत्या. पुढच्या जूनअखेर मी फुललो. पाच पाकळ्यांची, फिकट गुलाबी, अगदी ताइस्तोच्या कुंपणावर फुलतात तशीच.

इथेच कुठेतरी पाणी मुरतंय, असे आउनेबाईंना वाटले.

"ताइस्तो, माझा पिवळा गुलाब कुठंय?"

"तू लावलास, तू बघ."

"मी नसताना माझ्या वाफ्यात कोण रांगत असतं?"

"म्हणजे? या गुडघ्यांनी मी गुलाब चोरतोय?"

"चोरलास असं मी कुठं म्हटलं? बदललास म्हणतेय!"

शनिवार बंद झाले. ताइस्तो दिसला नाही की आउनेबाई त्याच्या बटाट्यांत डोकावून पिवळे फूल शोधत. तोही पडद्याआडून त्यांच्यावर डोळा ठेवी. मी सगळे पाहत होतो, पण मला तोंड कुठे आहे? शरदात आउनेबाईंनी त्याला बजावले, "यंदा तुझ्या फांद्या नकोत." ताइस्तो फांद्यांची गाडी घेऊन परत फिरला. मला त्या हिवाळ्यात फार थंडी वाजली.

वसंतात बातमी आली की ताइस्तो बाग सोडून देतोय. "चोराच्या मनात चांदणं," आउनेबाई पुटपुटल्या आणि फावडे घेऊन आल्या. तो जाण्याआधी त्याचे झुडूप त्याच्या दारात टाकायचे, असे त्यांनी ठरवले होते. त्यांनी मला उपसले. माती झटकली. माझ्या कोंभांच्या मधोमध पिवळ्याचा काळा पडलेला थुटका होता, त्याला ती चिठ्ठीची तार अजून रुतलेली, आणि त्याच्याखाली माझीच मुळे. कोणी काही बदललेच नव्हते, हे आउनेबाईंना तिथेच कळले.

मग मला तसेच हातात धरून त्या कुंपणापाशी गेल्या. काटे बोचत होते, पण त्यांनी मला सोडले नाही.

"ताइस्तो, हे बघ. मी तुझ्यावर संशय घेतला रे."

त्याने तार बोटाने चाचपली. "मीही घेतला," तो म्हणाला. "वाटलं, माझं रोप तू गुपचूप नेलंस. मागायची लाज वाटली म्हणून हे नाटक करतेस."

आउनेबाई हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "मग आता जाऊ नकोस ना."

"बाग देऊन टाकली गं. नवी माणसं सोमवारी येतायत. मला वाटलं, तुला बरंच वाटेल."

जाण्यापूर्वी त्याने मला कुंपणालगत लावले. आउनेबाईंनी माती लोटली. आता त्या सौनाचा धूर निघतो, पण तो दुसऱ्या कोणाचा असतो. आउनेबाई शनिवारी माझी फुले घेऊन बसने ताइस्तोच्या घरी जातात. माझ्या पाकळ्या वाटेतच गळतात, तरी त्या नेतात.

मित्रांनो, थंड मुलखात गुलाब घ्याल तर खुशाल संशय घ्या. चिठ्ठीला भुलू नका. पाने उलटून ठिपके पाहा, रोप स्वतःच्या मुळांवर आहे का ते विचारा, कलम असेल तर गाठ खोल पुरा. पण माणसावर संशय आला, तर त्याच दिवशी जाऊन माती उकरा. आउनेबाईंना उकरायला कॉफी उकळण्याइतकाच वेळ लागला होता. तो त्यांनी एक उन्हाळा आणि एक हिवाळा उशिरा काढला.