तिसरा होकार

तोंडी परीक्षेच्या दिवशी मला स्वस्थ बसवत नाही. परीक्षा माझी नसते, तरीसुद्धा. आमच्या प्रोफेसर फ्राउ हार्म्स प्रश्न विचारतात, विद्यार्थी उत्तरं देतो आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून कोण काय म्हणालं ते लिहून घेतो. इथं जर्मनीत साक्षीदाराशिवाय तोंडी परीक्षा होत नाही, आणि आमच्या हायड्रॉलिक्स विभागात तो साक्षीदार बहुतेक वेळा मीच असतो. हात चालू, तोंड बंद. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला याहून कडक शिक्षा नाही, असं माझी बायको म्हणते.

त्या सकाळी बाहेर ब्राउनश्वाइगचा फेब्रुवारी होता, पण इमारतीत हीटर असा पेटलेला की मी स्वेटरही काढून ठेवला होता. आणि परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक मुलगी जाड कोट, त्यावर मफलर आणि हातमोजे घालून बसली होती. हातातल्या थर्मासचं झाकण तिला धड लावता येत नव्हतं. दारावरच्या कागदावर नाव होतं, गोलनार कियानी. म्हणजे आमच्याकडचीच, इराणची. कुठली, तेही पहिल्या वाक्यात कळलं. केर्मानची माणसं शब्द जरा ओढून बोलतात.

"खानुम कियानी?" मी फारसीत विचारलं.

ती ताडकन उभी राहिली आणि आमच्या रीतीनं बोलली. "सलाम डॉक्टरसाहेब. थकू नका हं. माझ्यापायी सकाळी सकाळी तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? बरं नाही का?"

"छे हो, तुमची सावली आहे ना आमच्यावर, मला काय होतंय!"

हे म्हणताना तिचे दात एकमेकांवर आपटत होते. गाल लालबुंद, डोळ्यांत पाणी. मी आणखी काही विचारणार तोच फ्राउ हार्म्स जिना चढून आल्या, हातात त्यांचा चहाचा कप, आणि "चला," म्हणाल्या. त्या कधीच यापेक्षा जास्त बोलत नाहीत.

ती आज कितव्यांदा बसतेय हे माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं. तिसऱ्यांदा. इथं कुठल्याही विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की विद्यापीठातून नाव कमी होतं आणि तो अभ्यासक्रम मग देशात दुसरीकडेही पुरा करता येत नाही. परदेशी पोरांचं तर राहण्याचं परमिटही त्याच धाग्याला लटकलेलं असतं. फी जवळजवळ नाहीच म्हणून सगळी दुनिया इथं शिकायला येते. दार सताड उघडं दिसतं. उंबरा केवढा उंच आहे ते आत पाऊल टाकताना कळतं. वीस वर्षांपूर्वी शिराझहून अर्धी बॅग आईनं दिलेल्या सुक्या लिंबांनी भरून मी आलो, तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

परीक्षा सुरू होण्याआधी एक प्रश्न विचारायचा नियम आहे. प्रकृती बरी आहे का, परीक्षा देऊ शकाल का? विद्यार्थी 'नाही' म्हणाला तर तारीख पुढे जाते आणि संधी वाया जात नाही. 'हो' म्हणाला की संपलं. मग नापास झाल्यावर डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं तरी कोणी बघत नाही. ते 'हो' मी सगळ्यात आधी लिहून घ्यायचं असतं.

फ्राउ हार्म्सनी विचारलं, "आज बरं वाटतंय ना? परीक्षा देऊ शकाल?"

"हो, अगदी छान. धन्यवाद," गोलनार म्हणाली, आणि वर हसून, "आपण कशा आहात?"

"मी? ठीक."

मला फक्त एक ओळ लिहायची होती. पण पेन काही पुढे सरकेना.

आता यातली गोम सांगतो. आमच्याकडे पहिलं 'हो' आणि पहिलं 'नको' कोणी धरत नाही. जेवायला बसा म्हटलं की नको म्हणायचं, पुन्हा म्हटलं की पुन्हा नको, तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग खरं काय ते बोलायचं. टॅक्सीवालासुद्धा आधी पैसे नकोत म्हणतो. याला आम्ही तारोफ म्हणतो. इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात वर्गातल्या एका मुलाच्या आईनं मला बटाट्याची कोशिंबीर वाढायला घेतली, मी सवयीनं नको म्हणालो, आणि त्या माउलीनं भांडं उचलून फ्रिजमध्ये ठेवून दिलं! मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत रिकाम्या पोटी घरी आलो. तेव्हा कळलं की इथं माणसाला एकदाच विचारतात. आणि ही पोर तापानं फणफणलेली असताना त्या एका प्रश्नाला आमच्या पद्धतीचं उत्तर देऊन बसली होती. 'नाही' म्हणायला तिला दोन आग्रह हवे होते आणि ते करणारं या खोलीत कोणी नव्हतं. माझ्याशिवाय.

"माफ करा," मी म्हणालो.

फ्राउ हार्म्सनी चष्म्यावरून पाहिलं. साक्षीदार बोलला की त्यांना खुर्ची बोलल्यासारखं वाटतं. "तुम्हाला काय झालं?"

"त्यांना पुन्हा एकदा विचारावं म्हणतो."

"का? हो म्हणाल्या की. जर्मनमध्ये म्हणाल्या."

पण मी थांबलो नाही. जर्मनमध्येच विचारलं, "फ्राउ कियानी, खरंच बरं वाटतंय का तुम्हाला?"

"अगदी बरं वाटतंय. तुम्ही कशाला त्रास घेता?"

झालं! 'तुम्ही कशाला त्रास घेता' ऐकलं आणि माझी खात्रीच पटली. हे आमचं दुसरं 'नको' होतं, घरोघरचं, आईच्या तोंडचं. आता फक्त एक आग्रह राहिला होता आणि तो केल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

"फ्राउ हार्म्स, आमच्या देशात पहिल्यांदा दिलेलं उत्तर हे उत्तर नसतं," मी घाईघाईनं म्हणालो.

"मग काय असतं?"

"शिष्टाचार."

त्यांनी कप खाली ठेवला आणि गोलनारकडे वळल्या. "म्हणजे मगाशी तुम्ही मला खोटं सांगितलंत?"

आता मात्र धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. गोलनारचा लाल चेहरा बघता बघता पांढरा पडला. आगीतून काढायला गेलो आणि मीच तिला फुफाट्यात ढकललं होतं. 'बरं आहे' म्हणावं तर ताप चेहऱ्यावर दिसतोय, 'बरं नाही' म्हणावं तर प्रोफेसरबाईंना खोटं सांगितल्याचा शिक्का. ती नुसती हातमोजे काढत राहिली, एकेक बोट ओढून.

"खोटं नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

फ्राउ हार्म्सनी आपल्या चहाच्या कपाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी उत्तर समुद्राकाठची आहे. आमच्याकडे पाहुण्याला तीन कप चहा झाल्याशिवाय उठू देत नाहीत. तेव्हा तिसऱ्यांदा मी विचारते. ताप आहे?"

"आहे."

"आज उठून गेलात तर ही संधी मोजली जाणार नाही, उन्हाळ्यात पुन्हा बसता येईल. बसलात आणि नापास झालात तर माझ्याही हातात काही नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

"देणार परीक्षा?"

मी मनातल्या मनात 'नाही म्हण, नाही म्हण' असा जप चालवला होता. गोलनारनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या रागानं माझ्याकडे आजवर फक्त माझ्या बायकोनं पाहिलंय.

"देणार."

"लिहा, डॉक्टर तहमासबी."

मी लिहिलं. पेन कागदात रुतलं.

पहिला प्रश्न बरा गेला. दुसरा पाण्याच्या उसळीचा होता. धरणाच्या सांडव्यावरून पाणी उथळ आणि वेगानं येतं, पायथ्याशी एकदम उसळून खोल आणि संथ होतं. त्या उसळीनंतर खोली किती, ते काढायचं. गोलनारनं खडू घेतला आणि फळ्यावर ऊर्जेचं समीकरण मांडायला सुरुवात केली. चुकीचं समीकरण. उसळीत किती ऊर्जा वाया जाते हे आपल्याला माहीत नसतं. त्या समीकरणानं कोणी उत्तराला पोचत नाही. दरवर्षी निम्मी पोरं याच खड्ड्यात पडतात. तिची एक ओळ झाली. दुसरी झाली. फ्राउ हार्म्स खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या की खेळ आटोपला, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

माझा पाय टेबलाखाली नाचत होता. खोकावं का? पेन पाडावं का? एकदा तोंड उघडून एवढं रामायण केलं होतं, आता पुन्हा उघडलं तर परीक्षाच रद्द. तिला ताप नसता तर तिनं ही चूक केली नसती, हेच डोक्यात घुमत होतं. मी आणखी जोर लावायला हवा होता. हात धरून बाहेर न्यायला हवं होतं.

गोलनारचा खडू थांबला. ती एक पाऊल मागे आली, बाहीनं घाम पुसला, आणि तिनं दोन्ही ओळी तळहातानं पुसून टाकल्या.

"हे चुकलं," ती म्हणाली. "उसळीत किती ऊर्जा वाया जाते ते माहीत नाही. जे माहीत नाही ते जमेस धरता येणार नाही. संवेग धरायचा." आणि पुढचं तिनं सरळ मांडलं. हळू, मध्ये फळ्याला हात टेकून, पण सरळ.

फ्राउ हार्म्सनी खिडकी सोडली.

तिसरा प्रश्न अर्धवट गेला. मग नियमाप्रमाणे तिला बाहेर बसवलं आणि आम्ही दोघं आत राहिलो. "तुमचं मत?" फ्राउ हार्म्सनी विचारलं. मी इतक्या भराभर बोललो की मला स्वतःलाच कळेना कुठल्या भाषेत बोलतोय. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझे कागद चाळले, उसळीच्या जागी बोट ठेवलं. "हे तिनं स्वतः दुरुस्त केलं," म्हणाल्या. "काठावर. पण पास." तिला आत बोलावून त्यांनी तेवढंच सांगितलं आणि हात पुढे केला. गोलनारनं तो दोन्ही हातांनी धरला. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं, तर मलाच आलं. मी कागद गोळा करायच्या निमित्तानं वाकून बसलो.

बाहेर आलो तर ती त्याच बाकावर बसलेली. मी आपला मोठ्या उत्साहात गेलो. खोटं कशाला बोलू, दोन चांगले शब्द ऐकायचे होते.

"मुबारक, पोरी!"

"तुमचे हात दुखू नयेत, डॉक्टरसाहेब," तिनं आमच्या रीतीनं आभार मानले. "पण आज तुम्ही मला बुडवलंच होतं."

"मी? अगं, मी वाचवत होतो तुला!"

"कोणी सांगितलं होतं?" तिचा आवाज बसलेला होता. "महिनाभर मी एवढंच घोकत होते. बाई विचारतील, मी हो म्हणेन. उन्हाळ्यापर्यंत पुन्हा असं जगायची ताकद नव्हती माझ्यात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी अगदी खरं हो म्हणाले. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत आणि माझं हो डगमगायला लागलं. तिसऱ्यांदा तर गादी दिसायला लागली मला, रजई दिसायला लागली. आणखी एकदा विचारलं असतंत ना, तर मी उठून गेले असते."

"मला वाटलं तू तारोफ करतेयस."

"तुम्हाला काय, सगळ्यांनाच तसं वाटतं. इथं यायला निघाले तर आईनं तीनदा विचारलं, जायचंच का? मग मावशीनं तीनदा, मामांनी तीनदा. विमानतळावरसुद्धा. दरवेळी हो म्हणताना माझं हो थोडं थोडं झिजत गेलं. इथं एकदाच विचारतात, डॉक्टरसाहेब. पोरं फी नाही म्हणून येतात. मी त्या एकदाच विचारण्यासाठी आले."

मी तिच्या थर्मासचं झाकण नीट लावत बसलो. वीस वर्षं मी या लोकांना नावं ठेवत आलोय, एकदा विचारून भांडं उचलून नेतात म्हणून. त्यात कोणाची सुटका असू शकते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

गोलनारनं डोकं मागे भिंतीला टेकलं आणि डोळे मिटले. "आता मला खरंच बरं नाही," ती म्हणाली. "मला घरी सोडा."

ना 'त्रास देते', ना 'तुमची सावली', ना काही. आमच्या माणसानं माझ्याकडे इतकं सरळ काही मागितल्याचं मला आठवत नाही. 'नक्की ना? आधी डॉक्टरकडे जायचं का? की बायकोला बोलावून घेऊ?' असं सगळं जिभेवर आलं होतं. ते गिळलं, तिचा थर्मास उचलला आणि गाडी काढायला गेलो.