दोन तोंडांची कवळी

मी कवळी बोलतेय. घडवली एकाच माणसासाठी, पण राहिले दोघांच्या तोंडात. हे सांगताना आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर बारामतीच्या एका दवाखान्यात माझा जन्म झाला. निरवांगीच्या सावळारामतात्यांच्या हिरड्यांचं माप डॉक्टरीणबाईंनी घेतलं, दात आधी मेणात बसवून पाहिले, मग मला पक्कं केलं. घरी पहिल्याच जेवणात तात्यांनी बाजरीची कडक भाकरी आणि कांदा कराकरा चावला आणि डोळे मिटले. मेंढरांमागं फिरताना खाल्लेल्या भाकरीची चव परत आली होती. मला केवढा अभिमान वाटला!

तो तिथंच उतरला. तात्यांनी मला विसळून बायकोपुढं धरलं. "घे झुंबर, आता तू खा."

"आवं, तुमची हाय ती."

"मग? तू माझ्या मागनंच जेवतीस. तवा ही रिकामीच की!"

त्या घरात बिनदातांची तोंडं दोन होती. माप एकाचंच घेतलं गेलं. कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही!

झुंबरबाईंच्या लहानशा तोंडात मी वर घसरायचे, खाली रुतायचे. प्रत्येक घासाला हिरडी सोलवटायची. रक्ताची चव घेऊन मी वाटीत परतायचे.

"लागतीय का गोड?" तात्या विचारायचे.

"व्हय तर!"

पुढं त्या अर्ध्या भाकरीवरच उठू लागल्या. "भूकच न्हाय," म्हणायच्या. एके दुपारी त्यांनी मला सहाणेवर घेतलं आणि माझी कड घासली. त्यांना माझं रुतणं थांबलं नाही, आणि मी तात्यांनाही ढिली झाले.

तात्या चिडून दवाखान्यात गेले. झुंबरबाई सोबत होत्या.

"ही कड कुणी घासली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," झुंबरबाई पुटपुटल्या.

"आजी, तोंड उघडा बघू."

तात्याही वाकले. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडात ते पहिल्यांदाच डोकावत होते. आत सगळ्या जखमा. मी टेबलावर पडून होते. मला कुठं लपावं कळेना.

"अगं, बोलायचं न्हाय का?"

"तुमी एवढ्या मायेनं देत हुता. काय बोलू?"

तात्यांची मान जी खाली गेली, ती निरवांगी येईपर्यंत वर झाली नाही.

झुंबरबाईंच्या हिरड्या भरल्याशिवाय त्यांच्या कवळीचं माप घेता येणार नव्हतं. तात्यांनी मला वाटीत ठेवलं, म्हणाले, "हिची हुईस्तवर मला बी नको." आणि दुधात भाकरी कुस्करून ते त्यांच्याच शेजारी जेवायला बसले.

"आज माझ्या पंगतीला? वाट चुकला काय?" झुंबरबाई म्हणाल्या.

आता फळीवर दोन वाट्या आहेत. झुंबरबाई कांदा चावतात आणि म्हणतात, "तुमच्यापरास माझीच जास्त वाजतीय!"

माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात जी शेवटी जेवते, तिला आज तोंड उघडायला सांगा. आत बघा.

माझ्या घासल्या कडेला जोड दिलाय. जेवताना तात्यांची जीभ तिथं लागते. मग ते चावायचे थांबतात आणि झुंबरबाईंच्या ताटाकडं बघतात.