सरळ शेपटीची कबरी

विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा सखूबाई रडली नाही. बाकीच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, कुणी उंबऱ्यावर डोकं टेकवलं. सखूबाई टेम्पोत पाटा नीट बसलाय की नाही ते बघत होती.

त्यांची मांजर, कबरी, तिच्या नवऱ्याने, तुळशीरामने गोणीत घातली होती. वर सुतळी बांधली होती, पण बांधावरच्या खड्ड्यात टेम्पो आदळला आणि सुतळी सुटली. कबरी बाहेर उडाली ती सरळ घराच्या दिशेने पळाली. मागे गाड्यांची रांग होती. ड्रायव्हर म्हणाला, "काका, थांबता येणार नाही."

तिसऱ्या दिवशी घर पाडलं. तुळशीराम त्यानंतर चार वेळा तिकडे गेला. मांदेली मासळीची मुंडकी घेऊन तो ढिगाऱ्याभोवती हाका मारत फिरला. पाचव्या वेळी भोवती पत्रे ठोकलेले होते आणि वॉचमनने आत सोडलं नाही.

विचुंब्याला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने जागा मिळाली होती. गावाच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर घर बांधून होईपर्यंत तिथेच राहायचं होतं. सखूबाई वेळेवर उठायची, भाकऱ्या थापायची, जेवायची वेळ झाली की जेवायची. लोक म्हणायचे, सखूबाईने बरं सावरलं. तिला स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं. कुणी बोललं की ओठ हललेले दिसायचे आणि मग थोड्या वेळाने शब्द पोचायचे.

पावसाळ्यानंतर मासळी बाजारात तुळशीरामला गावचाच काशिराम भेटला. तो म्हणाला, "जनावरं वाचवनारी मानसं आली व्हती गावात. कुत्री-मांजरं गाडीत घालून नेली. करंजाड्याच्या पुढं शेड हाय त्यांची."

दुसऱ्या दिवशी तुळशीरामने धुतलेला शर्ट घातला. रिक्षात सखूबाईशेजारी बसून तो सारखा घड्याळ बघत होता.

शेडमध्ये फिनेलचा आणि उकडलेल्या मासळीचा वास येत होता. तिथे काम करणारी नीता नावाची बाई त्यांना मांजरांच्या खोलीत घेऊन गेली. जाळीमागे पंचवीस-तीस मांजरं होती. तुळशीराम एकेक पिंजरा बघत गेला आणि शेवटच्या पिंजऱ्यापाशी थांबला.

"ही बघ! आपली कबरी!"

मांजर पाठ करून बसली होती. तसेच काळे-पिवळे ठिपके, पांढरं पोट. तुळशीरामने जाळीत बोट घातलं. तिने मान वळवून ते हुंगलं.

"बघा म्याडम, वळखलं तिनं."

"काका, तुमचीच असेल तर आजच न्या," नीता म्हणाली. "एखादा फोटो आहे का?"

"मांजराचा फोटू कोन काढतं?"

"मग काकूंनी ओळखली तरी चालेल."

दोघंही सखूबाईकडे बघू लागले. सखूबाई मांजरीची शेपटी बघत होती. त्यांच्या कबरीच्या शेपटीचं टोक वाकडं होतं. चार वर्षांपूर्वी पडवीचं दार सखूबाईनेच घाईत लोटलं होतं आणि शेपटी त्यात सापडली होती. ही शेपटी टोकापर्यंत सरळ होती.

"आमची नाय," ती म्हणाली.

तुळशीरामने बोट बाहेर काढलं.

मग सखूबाईच म्हणाली, "पन हीच द्या, बाय. काय फारम असंल तो भरा."

नीताने टेबलावर कागद पुढे ओढला. नाव झालं, वय झालं. पत्ता विचारल्यावर तुळशीराम अडखळला. "आत्ताचा सांगू, का गावचा?"

"जिथे मांजर राहणार आहे, तिथला."

त्याने विचुंब्याच्या इमारतीचं नाव सांगितलं. ते त्याला नीट उच्चारता येत नव्हतं. नीताने सांगितलं, की चार दिवसांत येऊन घर बघेन, खिडकीला जाळी लावून घ्या, मग मांजर देऊ. हिचं ऑपरेशन झालंय, पिल्लं होणार नाहीत.

परतताना रिक्षात तुळशीराम रस्त्याकडे तोंड करून बसला होता.

"हो म्हनाली असतीस तर काय बिगडलं असतं?"

"मंग तिकडं पळाली ती कबरी कोनाचीच रायली नसती," सखूबाई म्हणाली.

मांजर आली आणि पाच दिवस खाटेखाली बसून राहिली. तुळशीराम जमिनीवर आडवा पडून तिच्याशी बोलायचा, तिला कबरी म्हणायचा. सखूबाई तिला काहीच म्हणत नसे. ताटलीत मासळी ठेवायची, तिच्या घमेल्यातली माती बदलायची आणि आपल्या कामाला लागायची.

पुढच्या वर्षी प्लॉटवर घर उभं राहिलं. प्लास्टर ओलंच होतं तेव्हा ते राहायला गेले. नीताने फोनवर बजावलं होतं, "तीन आठवडे तिला बाहेर सोडू नका. घर ओळखीचं झाल्याशिवाय दार उघडू नका."

बाविसाव्या दिवशी सकाळी तुळशीराम म्हणाला, "तूच उघड. मी जरा चाय पिऊन येतो." आणि तो गेलाच.

सखूबाईने दार उघडलं. मांजर उंबऱ्यावर थांबली, मग रेतीच्या ढिगाकडे गेली आणि शेजारच्या विटांच्या थरामागे दिसेनाशी झाली. सखूबाई पायरीवर बसली. ऊन पायांवर आलं, मग मांडीवर आलं. शेजारीण विचारून गेली. भात चढवायचा राहिला.

दुपार कलली तेव्हा मांजर आली. मिशांना सिमेंट लागलं होतं. भिंतींवर पाणी मारायच्या बादलीतलं पाणी ती प्यायली आणि सखूबाईच्या पायाला घासून आत निघून गेली.

आता आपल्याला बरं वाटेल, म्हणून सखूबाई थोडी थांबली. तसं काही वाटलं नाही. फक्त तिला भूक लागली होती. गाव सोडल्यापासून ती वेळ झाली म्हणून जेवत आली होती. ही भूक वेगळी होती.

ती उठली. टोपलीत काल रात्रीची भाकरी होती. कोरडीच, उभ्या उभ्या, तिने ती खाल्ली. एक तुकडा मांजरीपुढे टाकला. मांजरीने तो हुंगून सोडून दिला, तेव्हा तोही उचलून तिने तोंडात टाकला आणि टोपलीत आणखी आहे का ते बघायला वाकली.