बरोबर वाक्य

चौथीच्या बाईंना मुलं त्यांच्या पाठीमागे 'काना-मात्रा बाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सव्वीस वर्षं त्या प्राथमिक शाळेत शिकवत होत्या आणि व्याकरण हा त्यांचा जीव की प्राण होता. व्याख्या पाठ करून घेण्यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. नामं शिकवायची तर त्या मुलांच्या हातात कागदाच्या चिठ्ठ्या द्यायच्या आणि वर्गातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं नाव डकवायला सांगायच्या. खिडकी, फळा, कपाट, इतकंच काय, एकदा एका पोराने बाईंच्याच पाठीवर 'बाई' अशी चिठ्ठी चिकटवली होती आणि त्या तशाच शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. विशेषणांसाठी एक कापडी पिशवी होती. डोळे मिटून आत हात घालायचा आणि हाताला काय लागतंय ते सांगायचं. खरखरीत, गुळगुळीत, थंडगार, टोकदार. मुलं या तासाची वाट बघायची.

लिंगाचा धडा मात्र सगळ्यांना जड जायचा. त्यासाठी बाईंनी एक युक्ती काढली होती. कुणी बोलताना 'तो, ती, ते' चुकलं की बाकीच्यांनी बाकावर बोटाने टकटक करायचं. हसायचं नाही, चिडवायचं नाही, फक्त टकटक. ज्याचं चुकलं त्याने वाक्य सुधारून पुन्हा म्हणायचं. दोन महिन्यांत वर्गाची भाषा अशी स्वच्छ व्हायची की बाई शिक्षकांच्या बैठकीत अभिमानाने सांगायच्या, "माझ्या वर्गात मी चुका काढतच नाही. मुलंच एकमेकांच्या काढतात."

त्या वर्षी अर्धं वर्ष उलटल्यावर एक नवी मुलगी वर्गात आली. तिचे वडील फरशी बसवणारे कारागीर होते. जिथे इमारत उभी राहील तिथे बिऱ्हाड न्यायचं, काम संपलं की पुढे. घरी वेगळीच भाषा होती आणि त्या भाषेत लिंगाची भानगडच नव्हती. मुलगी हुशार होती, शब्द पटापट उचलायची, पण तिच्या तोंडी सगळं जग पुल्लिंगी होतं. माझा आई. पाणी आला. खिडकी उघडला. मध्येच आली म्हणून मुलांनी तिचं नाव 'पाहुणी' ठेवलं आणि तेच रूढ झालं.

पहिल्या आठवड्यात पाहुणी खूप बोलायची. प्रत्येक वाक्याला टकटक व्हायची. ती थांबायची, बाईंकडे बघायची, सुधारून म्हणायची, पुढच्या वाक्याला पुन्हा टकटक. महिन्याभरात ती 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलू लागली. वहीत मात्र तिचं अक्षर मोत्यासारखं आणि उत्तरं नव्वद टक्के बरोबर. बाईंनी तिच्या वहीत 'छान प्रगती' असा शेरा दिला होता.

शाळेची शिपाई म्हणजे मावशी. साठीला टेकलेली, ठेंगणी, पायात कायम एक नंबर मोठ्या चपला. घंटा वाजवणं, खोल्या झाडणं, पडलेल्या मुलांचे गुडघे धुणं, सगळं तीच. मधल्या सुट्टीत पाहुणी तिच्यापाशी पायरीवर बसलेली असायची. एकदा बाई तिथून जात होत्या तेव्हा त्यांना पाहुणीचा आवाज ऐकू आला. ती भडाभडा बोलत होती. मांजर काय म्हणाला, आई कसा रागावला, शेजारीण कसा खोटा बोलतो. मावशी हसत "हो का गं? मग पुढे?" म्हणत होती. बाई क्षणभर थबकल्या. आपल्यापाशी ही मुलगी असं का बोलत नाही, हा प्रश्न त्यांना पडला आणि थोडा मत्सरही वाटला. मग त्यांच्या मनात आलं की मावशी चुका सुधारत नाही, लाड करते, म्हणून. आणि त्या पुढे निघून गेल्या.

तो दिवस मंगळवार होता. शेवटून दुसरा तास, क्रियापदाचा. बाईंनी फळ्यावर 'पडणे' लिहिलं होतं आणि खाली तीन वाक्यं. चेंडू पडला. फांदी पडली. पान पडले.

"आता प्रत्येकाने एक वाक्य करायचं. कर्ता बदला, म्हणजे क्रियापद कसं बदलतं बघा."

मागच्या बाकावरच्या एका वात्रट पोराने हात वर केला. "हेडसर पडले."

वर्ग खदखदून हसला. बाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "सर पुल्लिंगी, एकटेच. मग 'पडला' का नाही?"

"आदरार्थी बहुवचन, बाई."

"बरोबर. पण सरांना पाडू नकोस. दुसरं कर."

मग मुलांना चेवच चढला. आजोबा पडले, वहिनी पडली, शेजारचे काका पडले. बाईंनी तोही खेळ चालू दिला, कारण वाक्यं बरोबर येत होती. त्या फळ्याकडे तोंड करून एकेक लिहून घेत होत्या. तेवढ्यात पाणी प्यायला मागे नळापाशी गेलेली पाहुणी दारात येऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"बाई, मावशी पडला."

टकटक, टकटक, टकटक. छत्तीस बोटं बाकांवर वाजली. बाईंनी वळूनही पाहिलं नाही. "मावशी काय? मावशी पुल्लिंगी आहे का?"

 पाहुणी सावकाश, शब्द तोलत म्हणाली, "मावशी पडली."

"शाबास. बघा, जमलं की नाही? जा, बस जागेवर."

ती उभीच राहिली. बाईंनी फळ्यावर 'मावशी पडली' लिहिलं आणि खडू खाली न ठेवता म्हटलं, "बस म्हटलं ना. पुढचा कोण?"

पाहुणी जागेवर जाऊन बसली.

तास संपायची वेळ झाली तरी घंटा झाली नाही. बाईंनी वही तपासायला घेतली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेजारच्या वर्गात गलका सुरू झाला. शेवटी हेडसर मनगटावरचं घड्याळ बघत व्हरांड्यात आले आणि "अहो, आज घंटेला झालंय काय?" असं विचारत मागे गेले. त्यांची हाक सगळ्या वर्गांनी ऐकली. मावशी नळाच्या मागे, ओल्या फरशीवर कुशीवर पडली होती. डोळे उघडे होते, तोंड एका बाजूला वाकलं होतं, आणि तिला काहीतरी सांगायचं होतं पण शब्द येत नव्हता.

बाई तिथे पोचल्या. फळ्यावरचं ते वाक्य त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. त्या वेळी त्यांनी काही बोलायला हवं होतं. त्या मावशीचं डोकं मांडीवर घेऊन गाडीची वाट बघत बसल्या.

गाडी गेल्यावर हेडसर चौथीच्या वर्गात आले. "नळावर कोण गेलं होतं?"

"पाहुणी गेली होती, सर," एक मुलगी म्हणाली.

हेडसर वाईट माणूस नव्हते. ते पाहुणीसमोर वाकून उभे राहिले. "बाळ, तू मावशीला पाहिलंस का?"

तिने मान हलवली. हो.

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

पाहुणीने बाईंकडे पाहिलं.  वर्गातल्या काहींना कळलंच नव्हतं, आणि ज्यांना कळलं होतं ते बाईंकडेच बघत होते.  बाई पुढे झाल्या, पाहुणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घाबरली असेल, सर. लहान आहे हो."

हे वाक्य पुढे कित्येक वर्षं बाईंना झोपू देणार नव्हतं. त्यात एकही चूक नव्हती, मायाही होती, आणि ते धडधडीत खोटं होतं. पाहुणीच्या खांद्यावरचा हात त्यांना स्वतःलाच जड वाटला.  मुलीने मान खाली घातली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडसरांनी मुलांना समजावलं की काही विपरीत दिसलं तर घाबरू नये, मोठ्यांना लगेच सांगावं. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. पण सगळ्या शाळेच्या माना एकाच दिशेला वळल्या. गुरुवारपासून पाहुणी शाळेत आली नाही.

दवाखान्यातून कळलं की मावशीची उजवी बाजू गेली आणि वाचाही. अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित फरक पडला असता, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी त्यातला 'कदाचित' धरून ठेवायचा प्रयत्न केला. चार दिवस तो पुरला, मग पुरेना. सोमवारी त्या हेडसरांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं.

सर बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत राहिले. "बाई, मुद्दाम केलंत का तुम्ही? नाही ना? मग आता उकरून काय मिळणार? विषय मिटलाय."

"त्या मुलीचा नाही मिटला."

"ते तुम्ही बघा," सर म्हणाले.

शाळा सुटल्यावर बाई पाहुणीच्या घरी गेल्या. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली होती. वडील नुकतेच कामावरून आले होते, कोपरापर्यंत हात सिमेंटने पांढरे. त्यांनी घाईघाईने खुर्ची पुसली.

"माझा मुलगी काही बोलत नाही, मॅडम. जेवत नाही नीट. विचारला तर म्हणतो, मी चुकला."

बाईंच्या कानाला त्या चुका लागल्या, आणि लागल्या याची त्यांना लाज वाटली. पाहुणी आतल्या दाराच्या पडद्यामागे उभी होती. पडद्याखाली तिची पावलं दिसत होती. बाई खुर्चीवरून उठल्या आणि पडद्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"तुझं काही चुकलं नाही. तू येऊन सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. आणि सर विचारत होते तेव्हा मी खोटं बोलले. उद्या मी सगळ्या वर्गासमोर हे सांगणार आहे. तू येशील?"

पावलं हलली नाहीत. आतून बारीक आवाज आला, "मावशी बरा आहे?" आणि लगेच, घाईने, "बरी. बरी आहे?"

 बाईंनी पदर तोंडाला लावला. वडील गोंधळून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाला सगळं सांगितलं. पाहुणीचा बाक रिकामा होता. वात्रट पोरगा रडला, कारण पडण्याचा खेळ आपण सुरू केला असं त्याला वाटत होतं. त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. टकटक त्या दिवसापासून बंद झाली. पाहुणी काही परत आली नाही. महिन्याअखेरीला वडिलांचं काम संपलं आणि बिऱ्हाड हललं. बाईंनी शिंप्याकडे पत्ता विचारला, तो त्यालाही माहीत नव्हता. शाळेतून दाखला न्यायलाही कुणी आलं नाही. बाईंनी तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता. वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहावं यावर त्या एक दुपार बसल्या होत्या, आणि शेवटी 'धीट आणि प्रामाणिक' असं लिहिलं होतं.

मावशी आपल्या लेकीकडे राहायला गेली होती. बाई दर रविवारी जाऊ लागल्या. मावशीच्या निकामी हाताची बोटं एकेक करून उघडायची-मिटायची, जिभेचे व्यायाम करून घ्यायचे, हे त्यांनी शिकून घेतलं. मावशीची मुलगी सुरुवातीला भारावून जायची. "बाई, रक्ताची माणसं एवढं करत नाहीत," म्हणायची. ते ऐकवेना म्हणून एका रविवारी बाईंनी दोघींसमोर खरं काय ते सांगून टाकलं.

मुलीचा चेहरा बदलला. "म्हणजे ती पोर आली होती सांगायला? आणि तुम्ही तिला व्याकरण शिकवत बसलात?"

"हो."

मुलगी उठून आत निघून गेली. मावशीला सगळं समजत होतं, बोलता तेवढं येत नव्हतं. ती बाईंकडे बघत राहिली. मग तिने चांगला हात उचलला आणि जमिनीपासून थोडा वर, लहान मुलाच्या उंचीइतका धरला. भुवया वर केल्या. ती कुठे आहे?

"गेली, मावशी. शहर सोडून गेले ते. कुठे ते माहीत नाही."

मावशीचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि मग अंथरुणावर पडला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि वाकलेल्या ओठापाशी साचलं. बाईंनी ते रुमालाने पुसलं. मावशीने तोंड फिरवलं नाही, आणि त्यांचा हात हातात घेतलाही नाही.

पुढच्या रविवारी बाई जिना चढल्या तेव्हा आपल्याला आत घेतील याची त्यांना खात्री नव्हती. दार मावशीच्या मुलीने उघडलं. तिने पाणीही विचारलं नाही. पण ती दारातून बाजूला झाली. बाई आत गेल्या, पलंगाशी बसल्या आणि मावशीची बोटं एकेक करून उघडू लागल्या.