बिनतिखटाचा वीर

आमच्या मेढ्याच्या घरी देव्हाऱ्यात टाक आहेत, म्हणजे देवांचे आणि पूर्वजांचे चांदीचे छोटे पत्रे. त्यांत एक घोडेस्वार. घरातला कुणी लढाईत पडला की त्याचा वीर म्हणून असा घोडेस्वार पुजायची इकडे रीत आहे. नवऱ्याचे पणजोबा जोतिबा, म्हणजे सगळ्यांचे थोरले आबा, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला होते. परत येताना त्यांनी तो आणला, "ह्यो आपला वीर" म्हणून देव्हाऱ्यात ठेवला आणि विषय संपवला. त्यांचा धाकटा भाऊ तिकडेच लढाईत पडला होता, त्यामुळे कुणी जास्त विचारलं नाही.

खंडेनवमीला वीराला मटणाचा नैवेद्य असतो. बाकी घराला डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा आणि वीराच्या पानात मात्र लहान पोरांना देतात तसलं अळणी, म्हणजे बिनतिखटाचं मटण. नवी नवरी होते तेव्हा मी म्हणाले होते, "वीराला तिखट सोसत नाही, मग लढला कसा?" सासूबाई भडकल्या. चंद्राबाई त्यांचं नाव, मी आत्या म्हणते. "थोरल्या आबांनी घालून दिलंय. चेष्टा करू नगं!"

माझा नवरा ऋषिराज सैन्यात आहे, सध्या सरहद्दीवर. तो गेल्यापासून आत्यांचं पहिलं कुंकू खंडोबाला नाही, वीराला. त्यांची पाठ वळली की मीही गुपचूप हात जोडते. चेष्टा करणारी मीच, पण जीव माझाही टांगणीला असतो.

यंदा नवरात्राआधी टाक उजळायला साताऱ्याला नेले. सोनाराने वीरावरचा कुंकवाचा थर काढला आणि तो मला परत दिला.

"वैनी, ह्यो टाक न्हाई. चांदीबी न्हाई. मागं टाचणी मोडलीय बघा. कोटाला लावायचा बिल्ला हाय ह्यो."

कडेला परकी अक्षरं होती. स्वाराच्या डोक्यावर विचित्र चपटं शिरस्त्राण, हातात भाला.

माझं माहेर सांगली. तिथे आमच्या शेजारच्या भरतेशकाकांचं भांड्यांचं दुकान आहे आणि जुने बिल्ले, पदकं जमवायचा नाद आहे. बिल्ला त्यांच्याकडे घेऊन गेले. काकांनी भिंग लावलं, जाडजूड पुस्तकं काढली, चित्रांशी ताडून पाहिलं. मला चहा पाजला, पण स्वतःचा प्यायचा विसरले.

"जर्मन हाय, पूजा. त्यांच्या घोडदळातल्या एका तुकडीचा. फ्रान्सशी झालेल्या अठराशे सत्तरच्या लढाईत मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून म्हाताऱ्या शिपायांनी करून घेतलेला."

"मग आमच्या थोरल्या आबांकडे कसा?"

"एकाद्या पोरानं बापाचा, आज्याचा म्हणून खिशात ठेवला आसंल. आन त्या पोराच्या खिशातनं…" काका भिंग पुसत बसले.

परतीच्या एसटीत मला काही सुचेना. आत्यांना सांगावं तर त्यांचा आधारच काढून घ्यायचा. न सांगावं, तर रोज त्यांना शत्रूपुढे हात जोडताना बघायचं. शिवाय माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. घरात पाऊल टाकताच मी सगळं सांगून टाकलं.

आत्या लसूण सोलत होत्या. त्यांनी हात पुसले आणि बिल्ला तळहातावर घेतला.

"काढून ठेवूया का, आत्या? शत्रूचा आहे."

त्यांनी पदराच्या टोकाने स्वार पुसला. मग म्हणाल्या, "म्हणून गं अळणी."

"काय?"

"गोऱ्या पोराला आपलं तिखट सोसंल व्हय? थोरल्या आबांना ठावं हुतं समदं. भावाचा न्हवं ह्यो. ह्यो त्यांनी मारलेला." त्यांनी बिल्ला मुठीत धरला. "आन आमी आपलं भावाचा, भावाचा म्हणत बसलो."

मला रडू आलं. ज्याला मारलं त्याला घरी आणून, त्याला काय सोसेल याचा विचार करून जेवू घालणारा माणूस. आणि आयुष्यभर कुणापाशी एका शब्दानं बोलला नाही. माझी ती जुनी चेष्टा आठवून मला स्वतःचीच लाज वाटली.

वीर देव्हाऱ्यातच राहिला. खंडेनवमीला आत्यांनी त्याचं पान पहिलं वाढलं, अळणीच, आणि थोडा मऊ भात जास्त ठेवला.

संध्याकाळी ऋषिराजचा फोन आला. मी स्पीकर लावला. एरवी आत्यांचं बोलणं ठरलेलं असतं, "वीर तुज्या पाठीशी हाय, भिऊ नगंस." आज त्यांनी आधी फोन स्वतःकडे ओढला. मग फोनजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाल्या, "जपून ऱ्हा, बाबा. धडधाकट परत ये. आन कुनाच्या घरचा वीर संगं आणू नगंस." मग त्यांनी त्याला बिल्ल्याची सगळी हकिकत सांगितली.

एरवी आईचं वाक्य संपायच्या आत "व्हय आई" म्हणणारा ऋषिराज आज तसं म्हणाला नाही. त्यानं इतकंच विचारलं, "आई, आणलाच आसंल तर… त्यालाबी अळणी वाढशील?"