रुख्मिणीचं मानपत्र

मानपत्र एका बैठकीत लिहून होईल असं सुभद्राबाई वानखडे यांना वाटलं होतं. एप्रिलचा महिना होता, परीक्षा आटोपल्या होत्या आणि मुलींच्या शाळेत त्या आणि शिपाई सोडून कुणी नव्हतं. त्यांनी खिडकी लावून घेतली, ताव पुढं ओढला आणि लिहायला सुरुवात केली.

येत्या एक मेला महाराष्ट्र राज्य दहा वर्षांचं होणार होतं. त्या निमित्तानं खामगावच्या बास्केटबॉल मंडळानं पहिल्यांदाच तिघांचा सत्कार करायचं ठरवलं होतं. खेळाडू म्हणून रुख्मिणी ढगे. मैदानावरच्या लोखंडी रिंगा घडवून देणारे रहेमतुल्ला मिस्त्री. आणि मुलींना दहा वर्षं खेळ शिकवणाऱ्या स्वतः सुभद्राबाई. रुख्मिणीचं मानपत्र त्यांनीच लिहावं, असं मंडळाचे अध्यक्ष अर्जुनराव म्हणाले. त्या पोरीला त्यांच्याइतकं कोण ओळखत होतं?

सुरुवात भराभर झाली. पिंपळगाव राजा या गावची मुलगी, शिक्षणासाठी खामगावात मावशीकडं राहिलेली. साठ साली पहिल्यांदा चेंडू हातात घेतला, तेव्हा वय तेरा. बासष्टला राज्याच्या शालेय संघात निवड. त्रेसष्टला पुन्हा निवड, त्या वर्षी उपकर्णधार. डावा हात उजव्याइतकाच चालायचा. मग त्यांनी लिहिलं, ‘सन १९६४’, आणि हात थांबला.

चौसष्टच्या डिसेंबरात अकोल्याला विभागीय स्पर्धा होत्या. उपांत्य सामन्यात रुख्मिणीचा गुडघा मुरगळला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या जागी ती जिना उतरत होती, तेव्हा सुभद्राबाई खाली चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. दर पायरीवर ती कठड्याला धरत होती, आणि दर वेळी एकच पाय आधी टाकून दुसरा त्याच पायरीवर आणत होती. सुभद्राबाईंनी ते पाहिलं. तासाभरानं साऱ्या मुली बूट बांधत असताना त्यांनी विचारलं, “रुख्मिणी, खेळशील ना?” नऊ मुलींनी तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, “हाव बाई.”

अंतिम सामन्यात नागपूरच्या संघाविरुद्ध खामगाव एका पॉइंटानं जिंकलं. शेवटचं मिनिट चालू असताना रुख्मिणी रिंगखाली उडी मारून खाली आली ती पुन्हा उठलीच नाही. तिला चादरीत घालून नेलं. जिंकलेली ढाल अजून मुख्याध्यापिकांच्या कपाटात होती. त्या ढालीमुळंच पुढच्या वर्षी सुभद्राबाईंना विभागाच्या संघाला शिकवायचं काम मिळालं. रुख्मिणीचा खेळ तिथंच संपला. पासष्टला तिचं लग्न झालं, वरवट बकालला दिलं, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. पाच वर्षांत त्या एकदाही तिकडं गेल्या नव्हत्या.

ताव तसाच घडी करून त्यांनी पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं त्या निघाल्या.

वरवट बकालला उतरल्यावर घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात गोणपाटावर लाल मिरच्या पसरल्या होत्या आणि दोघी बायका देठं खुडत बसल्या होत्या. त्यांतली तरुण बाई उठली. उठताना तिनं एक हात जमिनीला टेकवला आणि उजवा पाय आधी सरळ करून घेतला.

“बाई?” ती म्हणाली. “तुमी इथं?”

तिनं सासूशी ओळख करून दिली. सोजराबाई हाडापेरानं मोठ्या, बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी बाज टाकली, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि आधीच बजावलं, “पानी खारं लागते हो बाई आमच्याकडलं. तुमाले सवय नसन. चहा ठेवते, चहात समजत नाई.”

सुभद्राबाईंनी सत्काराची गोष्ट सांगितली. सोजराबाईंना काही उमजेना. “सत्कार? आमच्या रुख्मिणीचा? कायच्यासाठी?”

सुभद्राबाईंना वाटलं, वाचून दाखवलं की कळेल. त्यांनी ताव काढून वाचायला सुरुवात केली. राज्याचा संघ आला, उपकर्णधार आलं. रुख्मिणी हळूच म्हणाली, “बाई, राहू द्या.” पण वाचता वाचता त्या चौसष्टपर्यंत पोचल्या होत्या, आणि सवयीनं पुढचं तोंडीच बोलून गेल्या, “अकोल्याच्या अंतिम सामन्यात गुडघ्याला दुखापत झाली, म्हणून...”

सोजराबाईंचा मिरच्यांतला हात थांबला.

“विहिरीवर पडली होती ना तू?”

रुख्मिणीनं हातातली मिरची खाली ठेवली.

“तुह्या बापानं सांगतलं होतं. विहिरीच्या पायऱ्यावरून पडली म्हने.”

“हाव आत्याबाई,” रुख्मिणी म्हणाली. “बाबा म्हने, खेळते म्हनून सांगतलं त सोयरीक मोडन.”

सोजराबाई उठल्या. आता ओरडतील असं सुभद्राबाईंना वाटलं. पण त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. “पाच वर्स झाले,” त्या म्हणाल्या. “अख्ख्या गावाले मी विहीर सांगून राह्यली. शेजारची कलाबाई म्हने, अशी कशी हो पडली, त मी पायऱ्या किती होत्या तेबी सांगतलं. सात सांगतल्या! मले लबाड बनवलं तुमी लोकायनं.”

“आत्याबाई...”

“खेळली त खेळली. त्याच्यात चोरी कायची? मले काऊन नाई सांगतलं?” त्यांचा आवाज फाटला. त्या आत गेल्या. चुलीपाशी भांड्यांचा आवाज येऊ लागला.

अंगणात दोघीच उरल्या. सुभद्राबाईंनी बसमध्ये काही वाक्यं जुळवून ठेवली होती. ‘इतकं लागलं असेल याची कल्पना नव्हती’ हे त्यांतलं पहिलं. ते त्यांनी म्हणायला घेतलंही. “रुख्मिणी, त्या दिवशी मला...”

“बाई, तुमाले दिसलं होतं.”

ती रागानं बोलली नव्हती. एक मिरची तिनं उचलली, देठ मोडलं, मिरची ढिगावर टाकली.

“मी जिना उतरून राह्यली होती आन् तुमी खाली उभ्या होत्या. आपली नजरानजर झाली होती.”

सुभद्राबाईंनी पुढची वाक्यं सोडून दिली. “हो,” त्या म्हणाल्या. “दिसलं होतं.”

“मंग साऱ्या पोट्ट्यांसमोर विचारलं तुमी. एकटीले विचारलं असतं त मी नाई म्हनलं असतं. माहा टोंगळा रातभर ठनकून राह्यला होता. पन साऱ्या जनी माह्याकडं पाहत होत्या. तिथं नाई कसं म्हनू?”

“म्हणूनच सगळ्यांसमोर विचारलं असेल मी,” सुभद्राबाई म्हणाल्या. हे त्यांनी याआधी स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं. “मला हो ऐकायचं होतं.”

रुख्मिणीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग ती पुन्हा देठं खुडू लागली.

“माझं नाव मी काढून घेते,” सुभद्राबाई म्हणाल्या. “सत्कारातून.”

“काऊन? घ्या ना तुमी. तुमी नसत्या त माह्या हातात बॉल कोन देल्ला असता? पिंपळगावच्या पोट्टीनं राज्याकडून खेळावं, हे कोनाच्या सपनात होतं?” ती थांबली. “पन लिवायचं अशीन त खरं लिवा. विहीर नको. आन् ‘दुखापतीमुळे’ असं मोघमबी नको. आत्याबाईले एक डाव कळलं, आता साऱ्यायले कळू द्या.”

सोजराबाई चहा घेऊन आल्या. डोळे पुसलेले दिसत होते. त्यांनी कपबशी सुभद्राबाईंच्या हातात दिली आणि सरळच विचारलं, “कवा हाय हो तुमचा कार्यक्रम?”

खामगावला परतल्यावर सुभद्राबाईंनी मानपत्र पुरं केलं आणि अर्जुनरावांना नेऊन दिलं. अर्जुनराव सरकी-पेंडीचे व्यापारी. माणूस भला, मैदानाला कुंपण त्यांनीच घालून दिलं होतं. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

“बाई, हे लगनाच्या पंगतीत कोनी मयताचं बोलावं तसं झालं.”

“खरं आहे ते.”

“खरं हाय हो. पन शाळेचं नाव हाय, तुमचं नाव हाय. उद्या कोन बाप आपली पोरगी मैदानावर धाडन?”

सुभद्राबाई दोन दिवस त्याच विचारात होत्या. दहा वर्षं घरोघर फिरून, आईबापांच्या विनवण्या करून त्यांनी मुली मैदानावर आणल्या होत्या. एक वाक्य वाचलं आणि त्यातल्या चार घरी बसल्या, तर? शेवटी छापखान्यात गेलेल्या मानपत्रात ‘दुखापतीमुळे खेळ थांबवावा लागला’ एवढंच छापलं गेलं. सुभद्राबाईंनी अडवलं नाही. आपला हातानं लिहिलेला ताव मात्र त्यांनी परत मागून पर्समध्ये ठेवला.

एक मेच्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारलं होतं, तरी जमिनीतून वाफ येत होती. पुढच्या सतरंजीवर मुली, मागं खुर्च्यांवर पालक. रुख्मिणी हिरव्या काठांच्या लुगड्यात आली होती, सोबत नवरा भाऊराव आणि सोजराबाई. सोजराबाई कुणाला न विचारता पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

आधी रहेमतुल्ला मिस्त्रींचा सत्कार झाला. बोला म्हटल्यावर म्हातारे माईकपासून हातभर लांब उभे राहिले. “मी त नुस्तं लोखंड वाकवलं साहेब,” ते म्हणाले. “मेहनत या लेकींची हाय. खुदा यायले सलामत ठेवो.” टाळ्या पडल्या.

मग सुभद्राबाई उठल्या. छापलेलं मानपत्र टेबलावरच राहिलं. त्यांनी पर्समधला ताव काढला. अर्जुनरावांनी ते पाहिलं आणि ते खुर्चीत पुढं सरकले.

त्यांनी निवडी वाचल्या, सालं वाचली. मग आवाज स्थिर ठेवून वाचलं, “अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी तिचा गुडघा दुखत होता. हे तिच्या शिक्षिकेला ठाऊक होतं. तरी तिला खेळवलं गेलं. त्या सामन्यात तिचा गुडघा कायमचा गेला. ती शिक्षिका मी आहे.”

मागच्या एका खुर्चीचा पाय करकरला. सतरंजीवरची एक मुलगी तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडं पाहत होती. सुभद्राबाईंनी उरलेल्या दोन ओळी वाचल्या. त्या कुणाच्याच कानात शिरल्या नाहीत, त्यांच्या स्वतःच्याही नाही. अर्जुनरावांनी घाईनं शाल उचलली.

शाल घेतल्यावर रुख्मिणी माईककडं वळली. तिला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

“बाईनं सारं खरं लिवलं,” ती म्हणाली. “पन एक गोष्ट राह्यली.”

सुभद्राबाईंनी मान वर केली.

“त्या मॅचचा स्कोर तेहतीस-बत्तीस होता. तेहतीसातले अठरा माहे होते. सहा फ्री थ्रो मारले, सहाच्या सहा गेले. बाईनं माहा टोंगळा लिवला, आन् माहे अठरा पॉइंट नाई लिवले.”

क्षणभर कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग पहिल्या रांगेतून सोजराबाईच मोठ्यानं म्हणाल्या, “अठरा?” आणि साऱ्या मैदानात हशा पिकला. मुली टाळ्या वाजवू लागल्या. रुख्मिणीही हसत होती, पण डबडबलेल्या डोळ्यांनी.

सुभद्राबाईंना आपण काय केलं ते तिथं उभ्या उभ्या कळलं. पाच वर्षं त्या दिवसातली एक सकाळ आणि एक मिनिट त्यांनी उगाळलं होतं. मधला सारा सामना त्या विसरून गेल्या होत्या. तो खेळ त्या पोरीनं उभ्या आयुष्यात खेळलेला सगळ्यात मोठा खेळ होता, आणि तो त्यांच्या कागदावर नव्हताच. त्यांनी अर्जुनरावांच्या खिशातलं पेन मागून घेतलं, टेबलावर वाकून सन १९६४ च्या ओळीखाली लिहिलं, ‘३३ पैकी १८ पॉइंट. सहा फ्री थ्रो, सहाही यशस्वी.’ खाली सही केली, आणि छापलेलं मानपत्र व तो ताव, दोन्ही एकत्र गुंडाळून तिच्या हातात दिले.

मग त्यांचं स्वतःचं नाव पुकारलं गेलं. त्या गेल्या, शाल घेतली आणि खाली येऊन बसल्या. टाळ्या नेहमीपेक्षा कमी होत्या. जाताना एक पालक त्यांना टाळून गेला. दुसरी एक आई मात्र मुलीचा हात धरून जवळ आली आणि म्हणाली, “बाई, हिला दम लागतो. मी सांगितलं नव्हतं, तुम्ही काढून टाकाल म्हणून.” सुभद्राबाईंनी त्या मुलीला शेजारी बसवून घेतलं आणि कधी लागतो, किती लागतो, सारं विचारून घेतलं.

मंडळी पांगल्यावर त्या रुख्मिणीला पोचवायला स्टँडवर गेल्या. शेगावमार्गे वरवटला जाणारी गाडी यायची होती. भाऊराव चौकशीच्या खिडकीपाशी उभा होता, सोजराबाई शेजारच्या अनोळखी बाईला शाल दाखवत होत्या. बाकावर दोघी बसल्या.

मग रुख्मिणीनं विचारलं, “बाई, यंदा टीममधी कोन कोन हाय हो? डाव्या हातानं खेळते का कोनी?”

“एक आहे,” सुभद्राबाई म्हणाल्या, “पण तिचा पास चुकतो,” आणि कसा चुकतो ते त्या हातानं दाखवू लागल्या.